बारा वर्षांखालचा अर्धा तास

फुटबॉलचा सामना नव्वद मिनिटांचा असतो, हे आमच्या घरात सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. टीव्हीवर तसंच दिसतं. पंचेचाळीस मिनिटं खेळ, मध्यंतर, पुन्हा पंचेचाळीस मिनिटं. त्यामुळे डॉक्टरीणबाईंनी तीस मिनिटांचा आकडा सांगितला, तेव्हा माझ्या सुनेने दवाखान्याच्या जिन्यातच विषय संपवून टाकला.

"मग फुटबॉल नाही," ती म्हणाली.

भिंगरी दोन पायऱ्या उतरून पुढे गेली. भिंगरी म्हणजे माझी नात, वय वर्षं अकरा. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर आहे, पण पाय फुटले त्या दिवसापासून ती एका जागी ठरली नाही, म्हणून आम्ही तिला भिंगरी म्हणतो. त्या हिवाळ्यात मात्र ती अकरा दिवस एका खाटेवर पडून होती. फुफ्फुसाला सूज आली, मग पाणी झालं, ते सुई घालून काढावं लागलं. सून आणि मी आळीपाळीने बसायचो. मुलगा लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो. तो तिसऱ्या दिवशी पोचला आणि पोरीच्या पायाशी नुसता बसून राहिला.

त्याला तीन महिने झाले होते. त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो उजेडात धरून पाहिला, नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि म्हणाल्या, "छान भरून आलंय. पळू दे आता. पण सलग तीस मिनिटं, मग दहा मिनिटं बसवायचं, मग पुन्हा तीस. या वर्षी याच्यावर नको. दम लागेल, तो लागू दे. श्वासाबरोबर छातीतून शिट्टीसारखा आवाज आला, तर मात्र तिथेच थांबवायचं."

म्हणजे सगळी मिळून साठ, आणि सामना नव्वदचा. सुनेचं चुकलं होतं असं मलाही वाटलं नाही.

घरी आल्यावर भिंगरीने बूट वर्तमानपत्रात गुंडाळून खाटेखाली सरकवले. आदळआपट केली असती तर बरं वाटलं असतं. दोन दिवसांनी तिने संघाचा सदरा धुऊन, घडी घालून माझ्या हातात दिला.

"आबा, हा पाना सरांना देऊन याल? मी गेले तर ते मला थांब म्हणतील."

पाना सर म्हणजे त्यांचे प्रशिक्षक. धंदा नळदुरुस्तीचा. मागच्या खिशात सदा एक पाना असतो, म्हणून पोरींनी ठेवलेलं नाव. मी मैदानावर गेलो तेव्हा ते पत्र्याच्या खोलीमागे चेंडूंत हवा भरत होते. खोलीत जाळी, शंकू आणि ओल्या मोज्यांचा वास. भिंतीवर एक छापील कागद चिकटवलेला होता.

बेकरीतलं काम सुटल्यावर, बासष्टाव्या वर्षी मी वाचायला शिकलो. तेव्हापासून भिंतीवर काही लिहिलेलं दिसलं की मला तसंच पुढे जाववत नाही. दुकानांच्या पाट्या, औषधाच्या बाटल्या, 'येथे वाहन लावू नये', सगळं वाचतो. तो कागदही वाचायला लागलो. आठ वर्षांखालील, वीस आणि वीस मिनिटं. दहा वर्षांखालील, पंचवीस आणि पंचवीस. बारा वर्षांखालील, तीस आणि तीस, मध्ये दहा मिनिटं विश्रांती. चौदाला पस्तीस, सोळाला चाळीस, आणि पंचेचाळीस फक्त त्याच्यावरच्या मोठ्यांना. तिसरी ओळ मी बोट ठेवून पुन्हा वाचली. मग चष्मा पुसून आणखी एकदा.

"काय आबा, सदरा इस्त्री करून आणलात?" पाना सर दारात उभे होते. "पोरगी कुठाय?"

"हे तीस-तीस खरं आहे का?"

"खरं म्हणजे?"

"म्हणजे आमच्या पोरीचा सामना साठ मिनिटांतच संपतो?"

"संपतो की. तीस खेळायचं, दहा मिनिटं पाणीबिणी, पुन्हा तीस. तुम्हाला किती वाटलं?"

"नव्वद."

त्यांनी हातातला पंप खाली ठेवला. "आबा, अकरा वर्षांच्या पोरींना मी नव्वद मिनिटं पळवली तर त्यांच्या आया मला पाइपात घालून वरून झाकण लावतील."

सदरा मी परत काखोटीला मारला. गुडघे दुखतात म्हणून एरवी मी दोन ठिकाणी टेकत टेकत घरी येतो. त्या दिवशी कुठे टेकलो ते आठवत नाही.

सून कामावरून आली तेव्हा मी दारातच उभा होतो. ती गणवेश शिवण्याच्या कारखान्यात कॉलर लावते. संध्याकाळी घरी येते ती अंगभर दोऱ्याचे तुकडे घेऊन.

"छापलेलं आहे?" तिने विचारलं.

"छापलेलं. मी तीनदा वाचलं."

"तुम्ही वाचलंत म्हणून तर विचारते."

दुसऱ्या दिवशी कामाला जाताना ती वाट वाकडी करून मैदानावर गेली आणि स्वतः वाचून आली. मग डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, तीस-दहा-तीस असेल तर हरकत नाही. त्यानंतर तिने आम्हा दोघांना समोर बसवून अटी घातल्या.

"शनिवारचा एक सामना. मला सुट्टी नाही, म्हणजे आबा जाणार. आबांनी डोळे तिच्यावरून हलवायचे नाहीत. तीस मिनिटं झाली की ती बाहेर, शिट्टी वाजो न वाजो. छातीतून एकदा जरी आवाज आला तर बूट मी शेजारच्या पोरीला देणार. मग रडारड नको," हे भिंगरीला, "आणि वकिली नको," हे मला.

"कबूल," आम्ही दोघं म्हणालो.

"मोबाइलवर तीस मिनिटांची घंटा लावून देते."

"नको," मी म्हणालो. "मोबाइल बघायला जवळचा चष्मा लागतो. तो लावला की लांबची पोरगी दिसत नाही. वेळ मला मोजता येतो."

ते खोटं नव्हतं. बेकरीत मालकाने भिंतीवर घड्याळ लावलं होतं, पण आत पीठ जाऊन ते आठवड्याआड बंद पडायचं. आम्ही वेळ हातांनी मोजायचो. पाव भट्टीत सरकवला की पुढच्या भट्टीचे साचे भरायला घ्यायचे. साच्याला तेलाचा हात फिरवायचा, कणकेचा गोळा टाकायचा, दाबायचा, फळीवर ठेवायचा. असे साठ साचे फळीवर गेले की आतला पाव भाजून तयार. साठ साचे म्हणजे अर्धा तास. छत्तीस वर्षांत माझा एक पाव करपला नाही. हे सुनेला ठाऊक होतं. म्हणून ती "बरं" म्हणाली. माझी मान त्या दिवशी चांगलीच ताठ झाली होती.

शनिवारी दहाला सामना होता. खमिऱ्या माझ्याबरोबर आला. हा बेकरीत माझ्या शेजारी पीठ मळायचा. जरा कोणी काही बोललं की फुगतो, म्हणून खमिऱ्या. त्याला फुटबॉलमधलं काही कळत नाही, पण बसायला बाक आणि ऐकायला माणूस असलं की तो कुठेही येतो.

पाना सरांनी आधीच सांगून ठेवलं, "आबा, या वयात नऊ-नऊ जणींचा खेळ असतो. आज माझ्याकडे बरोबर नऊच आहेत, दहाव्या पोरीचा पाय मुरगळलाय. भिंगरीला बाहेर काढलं तर आठ उरतात. तरी तुम्ही हात वर केलात की मी तिला बाहेर घेणार. का म्हणून विचारणार नाही. गळ्यातलं हे घड्याळ हवंय का?"

"नको."

"बघा हं."

"छत्तीस वर्षं मोजलंय," मी म्हणालो. खमिऱ्याला म्हणालो, "आणि तू आज तोंड उघडू नकोस. माझा आकडा चुकेल."

"मी कधी बोलतो?" खमिऱ्या म्हणाला, फुगला, आणि खरोखरच गप्प बसला.

शिट्टी वाजली. पंच एक तरुण बाई होत्या, एरवी टपाल कचेरीत काम करणाऱ्या. भिंगरी डावीकडे खेळत होती. मी मांडीवर हात ठेवले आणि सुरुवात केली. तेल, गोळा, दाब, फळी. एक. तेल, गोळा, दाब, फळी. दोन. डोळे पोरीवर. दहाव्या साच्याला तिने चेंडू काढून घेतला. विसाव्याला पडली आणि उठली. तिसाव्याला ती अगदी आमच्या समोरून गेली, तोंड उघडं, गाल लाल. आवाज येतो का ते ऐकायला मी कान पुढे केला, पण सगळ्या पोरी एकदम ओरडत होत्या. चाळीस. पन्नास. आता ती थोडी वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहायला लागली होती. पंचावन्न. शिट्टी वाजेल, आता वाजेल. साठ.

शिट्टी वाजली नाही. मी मोठ्या मनाने एक साचा जास्त दिला. मग हात वर केला.

पाना सरांनी माझ्याकडे पाहिलं, गळ्यातल्या घड्याळाकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि शब्द दिला होता म्हणून मिटलं. त्यांनी भिंगरीला हाक मारली.

"आबा, मी दमले नाही," ती रेषेबाहेर येत म्हणाली.

"वेळ झाली."

"नाही झाली."

"आईला शब्द दिलाय. बस."

ती बाकाच्या कडेला बसली. मैदानावर आमच्या आठ पोरी उरल्या. डावीकडची तिची जागा दार उघडं राहिल्यासारखी मोकळी दिसत होती, आणि ते दार समोरच्यांनाही दिसत होतं. तिसऱ्या खेपेला त्यांची एक पोरगी तिथूनच चेंडू घेऊन सुसाट आली आणि गोल झाला. आमची गोलरक्षक जाळीतून चेंडू काढताना बाकाकडे बघत होती. भिंगरी बुटांकडे बघत होती.

मला वाटत होतं, हरकत नाही, आता अर्धा खेळ संपतोच आहे. पण तो संपेना. मी आणखी साचे भरले. पाच, दहा, वीस. पंच बाई आपल्या निवांत इकडून तिकडे पळतायत. चेंडू आमच्या जवळ बाहेर गेला तेव्हा मी उठून रेषेपाशी गेलो.

"बाई, शिट्टी विसरलात का? अर्धा तास कधीच होऊन गेला."

त्यांनी मनगट माझ्यापुढे धरलं. "आजोबा, सव्वीस मिनिटं झालीत. अजून चार आहेत. आणि पाय रेषेबाहेर घ्या."

"तुमचं घड्याळ मागे आहे."

"सव्वीसच," पाना सर मागून हळूच म्हणाले. त्यांनी गळ्यातलं घड्याळ दाखवलं. "तुम्ही हात वर केलात तेव्हा एकोणीस झाली होती. मला वाटलं, तुम्हाला तिच्या छातीचं काही ऐकू आलं असेल. म्हणून मी काही बोललो नाही."

छत्तीस वर्षं जे हात चुकले नाहीत ते एका अर्ध्या तासात अकरा मिनिटांनी चुकले होते. मी बाकावर येऊन बसलो आणि खमिऱ्याला म्हणालो, "साठ साचे भरले रे. एक वरचा."

"आता बोलू का?" खमिऱ्या म्हणाला.

"बोल."

"कशाने भरलेस?"

"म्हणजे?"

"तेल होतं का हातात? गोळा चिकटला का कुठे? चिकटलेला गोळा खरवडायला सुरी शोधलीस का? तेलाचा डबा संपला म्हणून उठलास का? आणि मुख्य म्हणजे मी होतो का? अरे, त्या अर्ध्या तासातली दहा मिनिटं तर माझ्या बडबडीची होती. मी मालकाची नक्कल करायचो तेव्हा तुझा हात थांबायचा. मी हे नेहमी बघायचो. आज मला गप्प बसवलंस आणि रिकामे साचे भराभर ठेवत सुटलास. वर पोरीसाठी जीव टांगलेला. पळणारच की हात."

पाना सरांनी पंच बाईंना विचारलं, त्यांनी मान हलवली, आणि भिंगरी पुन्हा आत गेली. जाताना तिने माझ्याकडे एकदा पाहिलं. ती रागावली होती, पण त्या रागात माझ्याबद्दल थोडी काळजीही होती, आणि तीच जास्त लागली.

चार मिनिटांनी मध्यंतराची शिट्टी वाजली. भिंगरी पाणी प्यायली. मी तिला पाठमोरी बसवून तिच्या पाठीला कान लावला.

"आबा, सगळ्या बघतायत."

"बघू दे. श्वास घे."

आत धडधड होती, श्वास जोरात येत-जात होता. शिट्टी नव्हती. मी दुसऱ्या बाजूलाही ऐकलं. तिथेही नव्हती.

"चूक माझी झाली," मी म्हणालो.

"हो," ती म्हणाली. "तो गोलपण तुमचाच."

"माझाच."

"आता घड्याळ घ्या."

पाना सर समोरच उभे होते. त्यांनी गळ्यातली दोरी काढून माझ्या गळ्यात घातली आणि कोणती कळ दाबायची ते दाखवलं. घड्याळाचे आकडे रुपयाएवढे मोठे होते. लांबच्या चष्म्यातूनही दिसत होते. हे मी आधी हातात घेऊन पाहिलं असतं, तर सगळा प्रश्न तिथेच मिटला असता.

दुसरा डाव सुरू झाला. खमिऱ्याचं तोंडही सुरू झालं. अर्ध्या तासाची कसर भरून काढायची होती त्याला. पंच बाई कशा पळतात, समोरच्या गोलरक्षकाचे हातमोजे केवढे मोठे आहेत, त्याच्या जावयाची स्कूटर कशी बंद पडली, सगळं एका दमात. मला ते बरं वाटत होतं. बाराव्या मिनिटाला आमच्यातल्या उंच पोरीने लांबून चेंडू मारला, तो खांबाला लागून आत गेला. बरोबरी झाली. मी उभा राहिलो आणि लगेच बसलो, कारण उभं राहिल्यावर घड्याळ पोटावर लोंबकळत होतं आणि दिसत नव्हतं.

अठराव्या मिनिटाला समोरच्यांची गोलरक्षक चेंडूवर झेपावताना आमच्या एकीवर आदळली आणि घोटा धरून बसली. पंच बाईंनी खेळ थांबवला. कोणी बर्फ आणला, कोणी पट्टी. बाकीच्या पोरी जिथे होत्या तिथेच गवतावर टेकल्या. भिंगरीही बसली, पाय पसरून, गवताच्या काड्या उपटत. घड्याळ माझ्या गळ्यात चालूच होतं. ती गोलरक्षक उठून लंगडत जागेवर गेली आणि खेळ पुन्हा सुरू झाला, तेव्हा एकवीस मिनिटं झाली होती.

पुढचं सगळं घड्याळाकडे आणि पोरीकडे आळीपाळीने बघण्यात गेलं. पंचवीस. सत्तावीस. एकोणतीस. भिंगरीचा सदरा पाठीला चिकटला होता. केस कपाळावर आले होते. तीस.

पंच बाईंनी शिट्टी तोंडाला लावली नाही. त्यांनी हात वर करून तीन बोटं दाखवली.

"हे काय?" मी विचारलं.

"तीन मिनिटं वाढवली," पाना सर म्हणाले. "त्या पोरीच्या पायापायी गेलेली." ते माझ्याकडे बघत उभे राहिले. "आबा, तुम्ही सांगाल तसं. हात वर केलात तर मी तिला काढतो."

"तीस झाली," खमिऱ्या म्हणाला. त्यालाही या वेळी विनोद सुचत नव्हता.

सुनेचे शब्द कानात होते. तीस झाली की बाहेर, शिट्टी वाजो न वाजो. आणि मघाशी एकदा हात चुकीचा वर केल्यावर आता तो चुकीचा खालीही राहू शकतो, हे मला ठाऊक झालं होतं. चेंडू बाहेर गेला होता. भिंगरी तो टाकायला आमच्या बाजूलाच आली, माझ्यापासून चार पावलांवर. मी फक्त ऐकलं. हू, हू, हू. पळालेल्या पोरीचा साधा, जाड श्वास. त्यात दुसरं काही नव्हतं.

भट्टीत कधीकधी लाकूड ओलं निघतं. धूर होतो, आच बसते. मग जेवढा वेळ आच बसली, तेवढा वेळ पाव आत जास्त ठेवायचा. तो पाव जास्त भाजला असं कोणी म्हणत नाही. तो बरोबरच भाजलेला असतो. ही तीन मिनिटं तशीच होती. पोरगी ती गवतात बसून होती. तिच्या पळण्याची तीस मिनिटं अजून पुरी झालेली नव्हती, माझ्या गळ्यातलं घड्याळ काहीही म्हणो.

"राहू दे," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की. पण आवाज आला तर मी आत पळत जाईन, रेषाबिषा बघणार नाही."

"मी पण येतो," खमिऱ्या म्हणाला.

त्या तीन मिनिटांत काहीसुद्धा घडलं नाही. चेंडू दोनदा बाहेर गेला. एकदा समोरच्यांच्या पोरीने तो हवेत मारला आणि सगळ्या वर बघत उभ्या राहिल्या. मीही वर बघितलं आणि लगेच खाली, पोरीकडे. मग पंच बाईंनी लांब शिट्टी दिली आणि दोन्ही हात वर केले. एक-एक. भिंगरी चालत आली. स्वतःच्या पायांनी, बाटलीतलं पाणी डोक्यावर ओतत. मी कान लावायच्या आधीच तिने पाठ माझ्याकडे केली आणि सदरा ताणून धरला.

आत नुसता श्वास होता. माझा जीव भांड्यात पडला. थोडा वेळ मी तसाच कान लावून राहिलो, कारण माझं तोंड कोणी बघू नये असं मला वाटत होतं.

"आबा," ती म्हणाली, "झालं का?"

"झालं."

सून तीनला आली. अंगावर दोरे तसेच, पिशवी खांद्यावर तशीच. किती-किती झालं ते विचारलं नाही. भिंगरीला स्टुलावर बसवलं, आणि मी लावला होता तसाच तिने कान लावला, फक्त तिला नेमकी जागा ठाऊक होती, सुई घातली होती तिथली.

"मोठा श्वास घे. सोड. खोकून दाखव. परत."

मी तेवढ्यात सगळं सांगून टाकलं. लपवून ठेवण्यासारखं काही नव्हतं, आणि असतं तरी पोरीने सांगितलंच असतं. एकोणीस मिनिटं सांगितली, गोल सांगितला, शेवटची तीन मिनिटंही सांगितली. सून कान न काढता ऐकत होती.

"म्हणजे सात मिनिटं कमी खेळली," ती तशीच वाकून म्हणाली, "आणि तीन जास्तीची."

"ती तीन बसली होती."

"ते कळलं. तरी मला विचारायचं होतंत."

"फोन करून?"

"तीन मिनिटं होती की."

"तू कॉलर लावत असतेस. फोन उचलला असतास?"

पाठीवरचा कान सुनेने दुसऱ्या बाजूला नेला, मग पुन्हा पहिल्या. भिंगरी आता वैतागली होती. "आई, मला घामाचा वास येतोय. मला अंघोळ करायचीय."

"जा," सून म्हणाली.

पोरगी उठली आणि आत पळाली. बाथरूममधून बादलीचा आवाज यायला लागला, आणि तिचं जोरजोरात काहीतरी बडबडणं, बहुतेक त्या उंच पोरीच्या गोलाबद्दल. सून रिकाम्या स्टुलावर बसली. खांद्यावरची पिशवी तिने आत्ता कुठे खाली ठेवली.

"मी सकाळपासून काही खाल्लं नाही," ती म्हणाली. "गिळवतच नव्हतं. मशीनवर दोन कॉलरी उलट्या लावल्या. मुकादम म्हणाली, आज लक्ष कुठाय तुझं."

"काय सांगितलंस?"

"सांगितलं, पोरीचा सामना आहे."

मी ताट वाढायला उठलो, तर ती म्हणाली, "बसा, मी घेते." तिने स्वतःच वाढून घेतलं, भरपूर, आणि माझ्यासमोर येऊन बसली. पहिला घास खाऊन झाल्यावर तिने विचारलं, "त्या उंच पोरीने गोल कसा मारला?"

"लांबून. खांबाला लागून आत."

"असं नाही. शिट्टी वाजली तिथपासून सांगा. तुम्ही काय काय घोळ घातलेत तेही सांगा. काही गाळू नका, मला आता घाई नाही."

"आबा, मी येईपर्यंत सुरू करू नका," बाथरूममधून भिंगरी म्हणाली. "तुम्हाला नीट सांगता येणार नाही."

म्हणून आम्ही दोघं थांबलो. सून जेवत राहिली.